दोन बेडरूमचा फ्लॅट

जुम्म्याची नमाज पढून अर्सलान घरी आला. जेवणं उरकल्यावर त्याने फोन पाण्याच्या जगला टेकवून टेबलावर उभा केला. माल्टाहून जहांआराचा व्हिडिओ कॉल यायचा होता. ती मूळची भोपाळची. माल्टात भाड्याची घरं दाखवायचं काम करायची. हुमेरा नवऱ्याच्या शेजारी बसली. तेवढ्यात मैमुनाबींनीही आपली खुर्ची दोघांच्या मध्ये ओढून घेतली आणि ओढणीच्या टोकाने चष्मा पुसला.

"अम्मा, तू पड थोडी," अर्सलान म्हणाला. "आम्ही बघतो."

"तुला घरातलं काय कळतंय? पाणी कुठे, कपडे वाळत कुठे घालायचे, हे कोण बघणार?"

महिनाअखेरीला अर्सलानच्या शिपिंग कंपनीचं दुबईचं ऑफिस बंद होणार होतं. माल्टाच्या ऑफिसात त्याला घेतलं, हेच नशीब. बायको सोबत जाऊ शकत होती. आई नाही. त्याने पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं होतं, उत्तर बदललं नव्हतं. इथे अजमानमध्ये मैमुनाबी राहत होत्या त्याही त्याच्याच व्हिसावर. तो निघाला की त्यांना हर्णैच्या घरी परत जावं लागणार होतं. नवरा गेल्यापासून ते घर बंद होतं. हुमेराला हे सगळं ठाऊक होतं, मैमुनाबींना काहीच नाही. 'उद्या सांगतो' असं अर्सलान रोज म्हणायचा आणि रोज दोन बेडरूमची घरं बघायचा.

कॉल आला. जहांआराने हॉल दाखवला, किचन दाखवलं.

"भाडा कितना?" मैमुनाबींनीच विचारलं.

"सोलह सौ यूरो, आंटी. बिजली-पानी अलग."

"पावणेसात हजार दिरहम," अर्सलान पुटपुटला. "आपले दीड लाख रुपये, वर थोडे."

"अल्ला." मैमुनाबींनी बोटांवर हिशेब मांडला. मग हुमेराकडे वळल्या. "असू दे. तू नोकरी बघ. घरचं मी बघते. बाहेरचं खाणं बंद. तांदळाचं पीठ आणि आमसुलं मी इथूनच घेऊन येते. तिकडे बांगडा महाग असला तर आठवड्यातून एकदाच करू. माझा खर्च तो काय?"

हुमेराने अर्सलानकडे पाहिलं. तो फोनकडे बघत होता.

जहांआरा दुसऱ्या बेडरूममध्ये शिरली. खोली लहानशीच होती. एक कपाट, एक खिडकी. मैमुनाबी पुढे झुकल्या.

"ही माझी. खिडकीखाली कॉट लागेल. नमाजाला जानमाज अंथरायची इकडे, कपाटापाशी. बेटा, किब्ला किस तरफ है, देखो जरा."

जहांआराने बोलता बोलता मक्केची दिशा पाहिली. "खिड़की की तरफ़, आंटी."

"मग कॉट भिंतीला," मैमुनाबी खुशीत म्हणाल्या. "खिडकी मोकळी राहू दे."

"आंटी मिलने आएँगी? कितने दिन के लिए?"

"दिन क्या? बेटे के साथ रहती हूँ मैं. हमेशा."

जहांआरा हसली. "काश ऐसा होता, आंटी. माँ-बाप का परमिट यहाँ कहाँ मिलता है. मेरी अम्मी भी भोपाल में ही हैं." मग समोरच्या तिघांचे चेहरे पाहून तिचं हसू ओसरलं. "भाईजान ने बताया नहीं?"

मैमुनाबींनी लेकाकडे पाहिलं. अर्सलान टेबलावरचं भाताचं एक शीत नखाने खरवडत होता.

"तुला माहीत होतं?" त्यांनी हुमेराला विचारलं.

"हो, अम्मा."

हुमेराला वाटलं, आता त्या उठून आत जातील, दार लावून घेतील. तसं झालं असतं तर तिला बरंच वाटलं असतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला साधी भाकरी येत नव्हती. तिच्या हातावर हात ठेवून मैमुनाबींनी ती थापायला शिकवली होती. आता त्यांचा हात मांडीवर नुसता पडला होता आणि तो धरायचं धाडस हुमेराला होत नव्हतं.

मैमुनाबी उठल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि फोनमधल्या मुलीकडे निरखून पाहिलं.

"अम्मी से कब मिली थी तू?"

"चार साल हो गए, आंटी." जहांआराचा आवाज बारीक झाला. "जितना बचता है, सब किराए में चला जाता है. हर साल सोचती हूँ, अगले साल जाऊँगी."

"फोन करती है?"

"रोज़."

मैमुनाबींनी मान हलवली. मग त्या म्हणाल्या, "बेटा, ये घर रहने दे. बहुत महँगा है. इनको एक बेडरूमवाला दिखा."

"अम्मा," अर्सलान म्हणाला.

"एक है, आंटी, इसी बिल्डिंग में. नीचे." जहांआराने दार ओढून घेतलं आणि ती जिना उतरू लागली. पडद्यावर पायऱ्या हलू लागल्या, तिच्या चपला, पांढरी भिंत, कुणाचे तरी वाळत घातलेले टॉवेल. वळणावर एक उघडी खिडकी आली. तिच्यातून भर दुपारचा समुद्र क्षणभर सगळा पडदा निळा करून गेला.

मैमुनाबींनी न बघताच हुमेराचं मनगट धरलं.

"तिला सांग," त्या हळूच म्हणाल्या, "जरा थांब म्हणावं, त्या खिडकीपाशी."