पाटीवरचं दुसरं नाव

पाटीचा शेवटचा स्क्रू आवळला जायच्या आतच बाईंनी हात वर केला. "थांबा जरा. एक नाव राहिलंय."

संग्रहालयाची संचालिका गोंधळली. एकोणचाळीस वर्षं या खुर्चीखाली बाईंच्या तेव्हाच्या ऑफिसातल्या साहेबांचं नाव होतं. आज ते उतरवून, जिने खुर्चीचं डिझाइन खरोखर केलं तिचं, म्हणजे बाईंचं नाव लागत होतं. आता आणखी कोण?

"मिस्त्री," बाई म्हणाल्या. "पाइप वाकवणारे."

तेव्हा बाई सव्वीस वर्षांच्या होत्या. आर्किटेक्टच्या ऑफिसात एकटीच बाई. मागचे पाय नसलेली, एकाच अखंड पाइपची खुर्ची त्यांनी कागदावर काढली, तेव्हा साहेबांसकट सगळे हसले. खुर्ची आहे की घसरगुंडी, असंही कोणी म्हणालं. बाई ड्रॉइंगची गुंडाळी काखेत मारून तडक मिस्त्रींच्या वर्कशॉपात गेल्या. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी कागद फरशीवर पसरला, उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. "होईल," एवढंच म्हणाले.

पहिले आठ पाइप वळणावर चेपले. नवव्यात मिस्त्रींनी कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं मारली आणि तापवून तो अलगद वाकवला. एक सुरकुती पडली नाही. खुर्ची उभी राहिली तशा बाई बसायला पुढे झाल्या. मिस्त्रींनी अडवलं. "आधी मी बसतो. मोडली तर चूक माझ्या वाकवण्याची." खुर्ची जराशी लवली आणि त्यांना तोलून राहिली.

पुढे खुर्ची गाजली, ती साहेबांच्या नावाने. बाईंनी दाद मागितली, तर पुरावा विचारला गेला. मूळ ड्रॉइंग कुठेच सापडेना. बाईंनी नोकरी सोडली. नंतर त्यांनी घरं बांधली, शाळा बांधल्या, नाव मिळवलं. वर्कशॉपात परत जाणं मात्र झालं नाही.

"ते नसते तर ही कागदावरच राहिली असती," बाई म्हणाल्या. "साधे आभारही मानले नाहीत मी. आता ते आहेत की नाहीत, तेही ठाऊक नाही."

संचालिका बाईंकडे वळली. "मॅडम, पुरावा आमच्याकडे कसा आला, ते तुम्ही विचारलंच नाहीत. एक म्हातारे गृहस्थ दरवर्षी तिकीट काढून यायचे आणि या खुर्चीपाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, ही बाईंची आहे. आम्ही त्यांना दोनदा बाहेर काढलं. मागच्या वर्षी त्यांचं वर्कशॉप मोडलं, तेव्हा जुन्या कपाटामागे तुमचं ड्रॉइंग निघालं. सहीसकट. त्याच दिवशी घेऊन आले."

बाई झटकन पुढे झाल्या. "कुठे असतात ते?"

"खाली बाकावर बसलेत. बाईंचं नाव लागल्याशिवाय वर येणार नाही म्हणतात."