एकही सुटला नाही

खेळाडूंच्या आहारावर संशोधन करणाऱ्या पूर्णिमाने सतरा वर्षांच्या सुमय्याच्या अंगातली चरबी यंत्रावर पुन्हा एकदा मोजली. आकडा पहिल्याइतकाच कमी आला.

"तुझे कोच खूश असतील," ती कोरडेपणाने म्हणाली. सुमय्याला ते कौतुक वाटलं.

"पाळी वेळेवर येते?"

"हो."

"दर महिन्याला मीच पॅड आणून देते की," शेजारी बसलेली तिची अम्मी रझिया म्हणाली.

"बरं. आत्ताच रमजान झाला. उपास किती केलेस? मोजमापात फरक पडतो, म्हणून विचारते."

सुमय्याने तोंड उघडायच्या आत रझियाच बोलली. "सगळे! गेल्या वर्षीही सगळे. भर उन्हात कसब्यातून ग्राउंडवर जायची, पळून यायची, पण सूर्य बुडून मगरिबची अजान होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. अहो, आख्ख्या मोहल्ल्यात सांगत फिरते मी, माझ्या पोरीचा एकही रोजा सुटला..."

ती मधेच थांबली.

"कमाल आहे," पूर्णिमा लिहिता लिहिता म्हणाली.

रझिया मुलीकडे बघत राहिली. सुमय्या खाली वाकून, नीट बांधलेली बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होती.

"मॅडम," रझियाचा आवाज एकदम खाली गेला होता. "आमच्यात पाळी आली की रोजा ठेवत नाहीत."