सुभद्राकाकूंचा हिरवा दिवा

सुभद्राकाकूंच्या मनगटावरच्या पट्ट्याचा दिवा आज हिरवा झाला होता. गावची आशाताई नलिनी तो बघून हसली. "रक्तदाब उतरला, काकू. अळणी पेजेचा गुण आला."

काकूंनी खारवलेल्या बांगड्याची बरणी पुढे ओढली.

"हे कशाला आता?"

"दिवा लाल असला तरच तू येतेस ना."

आरोग्य मोहिमेचा निधी कुठल्या घरी जायचा, हे आता पट्टेच ठरवत. लाल दिव्याच्या घरी दर आठवड्याच्या भेटीचा खर्च मंजूर होई. दिवा हिरवा झाला की तो खर्च त्याच संध्याकाळी दुसऱ्या घराकडे वळे. आणि काकूंकडे नलिनीखेरीज कुणीच येत नसे.

तिने बरणीचं झाकण लावलं, काकूंचा पट्टा सोडवला आणि स्वतःच्या मनगटावर बांधला. आशाताईंना असे पट्टे मिळत नसत. क्षणभरात दिवा लालभडक झाला.

"झालं काम. तुमच्या नावावर लाल नोंद गेली. येते पुढच्या बुधवारी," म्हणत तिने पिशवी उचलली.

काकू त्या दिव्याकडे बघत राहिल्या. "बाय, तुझ्याकडे कोण येतं गं?"

नलिनीने पिशवी खांद्याला लावली. काकूंनी बरणी फडताळात ठेवली आणि चुलीवरचं पातेलं उतरवलं.

"बस खाली. अळणी पेज खाऊन जा."