वेगाचा फोटो

रसायनांची पिंपं भरलेला ट्रक शाळेच्या फाटकापाशी आला आणि वरातीतल्यासारखा सरकू लागला. ड्रायव्हरने केसांवरून हात फिरवला, शर्टाचं वरचं बटण लावलं. समोर रस्त्याच्या कडेला, छत्रीखाली, स्टँडवर कॅमेरा उभा होता आणि त्याच्यामागे स्टुलावर प्रभाकर फोटोग्राफर. निघणारच आहे फोटो, तर निदान बरा निघावा, असा ड्रायव्हरचा विचार.

बाजूला पाटी होती. ‘शाळा आहे. वेगाचा फोटो निघतो. दंड होईल.’ एक्क्याण्णव सालच्या मानपाड्यात असलं यंत्र कुणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे शंका घेण्याइतकी माहितीही कुणाकडे नव्हती.

कल्पना हरिहर प्रधानांची. ते पालक संघाचे चिटणीस. पावसाळ्यात एका टेम्पोने चौथीतल्या मुलीचा पाय मोडला, तेव्हा त्यांनी गतिरोधकासाठी अर्ज केला. मोठ्या रस्त्यावर गतिरोधक नियमात बसत नाही, असं उत्तर आलं. पाय मोडणं बहुधा बसत असावं. मग परदेशात असे कॅमेरे असतात हे प्रधानांनी पेपरात वाचलं आणि प्रभाकरला स्टुलासकट आणून बसवलं. फोटो दर शनिवारी ठाण्याला पोलिसांकडे जातात, असं ते चारचौघांत मोठ्याने सांगत.

दंड अजून कुणालाच झाला नव्हता. तशी वेळच आली नाही. कारखान्यांचे ट्रक, टेम्पो, रिक्षा, सगळे गुमान चालू लागले. सगळ्यात सुखावल्या शेवंतीबाई. शाळेची घंटा देणं आणि मुलांना रस्ता ओलांडून देणं हे त्यांचं काम. पूर्वी त्या जीव मुठीत धरून मुलांना अक्षरशः पळवत न्यायच्या. आता मुलांची साखळी करून सावकाश नेऊ लागल्या.

शाळेने प्रधानांचा सत्कार केला. शाल, नारळ, हार. “आपल्या लोकांना नियम माहीत असतात,” प्रधान भाषणात म्हणाले, “पण धाक असेल तरच ते पाळतात.” शेवंतीबाईंनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलांना घेऊन रस्त्याच्या मधोमध होत्या. त्यांच्यासाठी एक ट्रक थांबला होता. त्या ट्रकला वळसा घालून एक स्कूटर भरधाव आली. शेवंतीबाईंनी साखळीच्या साखळी मागे खेचली. शेवटची मुलगी तोंडावर आपटली, तिचं दप्तर चाकाखाली गेलं. स्कूटर थोडी पुढे जाऊन थांबली. वर प्रधान होते. त्यांना स्टेशन गाठायचं होतं.

शेवंतीबाईंनी मुलीला उचलून पोटाशी धरलं. तिच्या ओठातून रक्त येत होतं.

“साहेब, पोरा व्हती मधी. तुमाना दिसली नाय?”

एवढं बोलून त्या पाटीकडे पाहू लागल्या.

प्रधानांना त्यांची कीव आली. ट्रकवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, “अगं, घाबरतेस काय एवढी? मला दंड-बिंड काही होत नाही. त्या कॅमेऱ्यात रोलच नसतो.”