पुलाखालचा माणूस

जेवणाच्या सुट्टीत साहेब कालच्या सिनेमावर तुटून पडले होते. “म्हणे तो हवेत उडणारा नायक कोसळता पूल एकट्याने धरून ठेवतो! वजनाचा काही हिशेब? लोकांना काय खुळं समजतात?” मीही मान डोलावली.

सुट्टी संपताच त्यांनी माझा पूल-तपासणीचा अहवाल माझ्याच टेबलावर आपटला. “अगं, तुळईला चार मिलिमीटरचा तडा गेलाय, हे वाक्य काढ. पूल उद्या सुरू होतोय. एवढ्याशा तड्याने काय आभाळ कोसळणार आहे?”

मी ते वाक्य तसंच ठेवलं. खाली शिफारशीच्या रकान्यात आणखी एक लिहिलं आणि सही ठोकली.

‘पूल उद्याच सुरू करायचा असल्यास, तो खालून धरून ठेवण्यासाठी कालच्या सिनेमातल्या नायकाची कायमस्वरूपी नेमणूक करावी.’