हुकाचा तुकडा

या मायबापहो, जरा सरकून जवळ बसा. एका लेकीची गोष्ट सांगतो, पण मन घट्ट ठेवून ऐका.

धातू का तुटतात, यावर लेक पीएच.डी. करत होती. वडील क्रेन चालवायचे. परवा क्रेनचा हुक तुटला, खाली उभा असलेला कामगार गेला, आणि कारखान्याने ठपका वडिलांवर ठेवला, की यांनीच जास्त ओझं उचललं. हुकाचा एक तुकडा वडिलांनी डब्याच्या पिशवीतून घरी आणला होता. "आई, तो जिवापाड जप," लेक फोनवर म्हणाली, "बाबांची सुटका आता त्याच्यावरच आहे. मी निघालेच."

तुटलेली बाजू अर्धी गंजलेली निघाली, तर तडा जुनाच होता. वडिलांचा दोष नाही. सगळी कोरी, लखलखीत निघाली, तर मात्र ओझंच जास्त होतं.

दारातच आईने फडक्यातून तुकडा काढून दाखवला. नव्या भांड्यासारखा लखलखत होता. लेकीने तुकड्यावरची नजर काढून घरात पाहिलं. आत वडील मान खाली घालून बसले होते.

"बघ, कसा झालाय!" आई म्हणाली. "ह्यांनी आणला तेव्हाच अर्ध्या बाजूला हा एवढा गंज होता गं. उद्या चौकशीला साहेबांपुढे तसाच कसा न्यायचा? लिंबू लावून बोटं सोलवटेपर्यंत घासलाय."

 

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या आईची आठवण असू द्या. लेकीने तिला अजून काहीच सांगितलेलं नाही.