काका, आधी मी जाते

"अहो सिस्टर, हे बक्कल वरून घ्यायचं की खालून?"

मैदानाच्या कडेच्या शेडमध्ये, बाकावर शेजारी बसलेल्या काकांनी विचारलं, तेव्हा तिचं स्वतःचं बक्कल अजून लोंबतच होतं. बोटं गार पडली होती. इस्पितळात भल्याभल्यांना न सापडणारी शीर पहिल्या टोचणीत शोधणारी नर्स ती. आज तिला आपल्याच छातीवरचा पट्टा सापडत नव्हता.

"खालून, काका. मग असं ओढायचं."

त्यांचं लावता लावता तिचंही लागलं.

"देवासारख्या भेटलात," काका म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. "मी माळ्यावर चढलो तरी खाली कुणाला तरी स्टूल धरून उभं राहावं लागतं. लेकीनं डिवचलं म्हणून ताठ मानेनं आलो. आता ती मान खाली घालून घरी जावंसं वाटतंय."

ती हसली, पण हसू ओठांपुरतंच राहिलं. याआधी दोनदा ती विमानातून वर गेली होती. दोन्ही वेळा दार उघडलं आणि तिनं चौकटीला जी मिठी मारली, ती जमिनीवर आल्यावरच सोडली. डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर विमानातून हवाई छत्रीनं उतरणाऱ्या बचाव पथकाला नर्स हवी होती. जागा तिच्यासाठी राखली होती, पण आजपर्यंतच. आज उडी झाली नाही, तर उद्या ती जागा दुसरीची.

निघताना आई म्हणाली होती, "देव झेलतो गं. पण तू उडीच नाही मारलीस, तर तो झेलणार कुणाला?"

आईला बोलायला काय जातंय, जमिनीवर बसून!

शिकवणारे उस्ताद पट्टे तपासत आले. "छत्रीची दोरी विमानाला अडकवलेली असते. तुम्ही नुसतं बाहेर पडायचं, छत्री आपोआप उघडते. आणि नाही उघडली तर?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घालून पुन्हा बक्कल चाचपलं. उस्ताद पुढे गेले.

"सिस्टर," काका कुजबुजले, "काय म्हणाले हो ते? नाही उघडली तर? माझं डोकंच चालेना."

"पोटावर दुसरी छत्री आहे ना, तिची ही लाल मूठ ओढायची."

"आणि उतरताना?"

"पाय जुळवून, गुडघे सैल. खाली नाही बघायचं, समोर बघायचं."

"किती येतं हो तुम्हाला!"

येत होतं खरं. सगळं पाठ होतं. पण छत्री पाठ असणं वेगळं आणि ती पाठीवर घेऊन उडी मारणं वेगळं.

विमान लहानसं होतं. आत उस्ताद, ती आणि काका. पत्र्याला पेट्रोलचा वास येत होता. चाकं जमिनीवरून सुटली. खिडकीतली घरं काड्यापेट्यांएवढी झाली, मग दिसेनाशीच झाली. देवाचं नाव घ्यावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तर तेही अर्ध्यावर अडलं.

काकांनी तिचं मनगट घट्ट धरलं. सवयीनं तिची बोटं त्यांच्या नाडीवर गेली. नाडी संथ लागली. विमानाच्या या धडधडीत आपल्याच बोटांना काही कळत नसेल, असं तिला वाटलं.

"सिस्टर, बोलत राहा हो. काहीही बोला."

"घाबरू नका काका. मी आहे ना."

स्वतःचंच वाक्य ऐकून ती दचकली. मी आहे? कुठे?

उस्तादांनी दार सरकवलं. वारा अंगावर धावून आला. "सिस्टर, पुढे!"

ती दारापर्यंत गेली. बाहेर काहीच नव्हतं. नुसती पांढरी, थंड पोकळी. हात चौकटीला गेले आणि तिथेच रुतले. उस्ताद काहीतरी ओरडले, तिच्या कानांत नुसतं रक्त घुमत होतं. शेवटी त्यांनी मान हलवली. "राहू द्या. मागे या."

इतक्यात पाठीमागे हंबरडा फुटला.

"मला नाही जमायचं!" काका विमानात खालीच बसले होते, डोकं दोन्ही हातांत धरून. "सिस्टरला नाही जमत, तिथे माझी काय कथा! मला खाली न्या. मेलो तरी मी पुन्हा घराबाहेर पडणार नाही!"

असे चेहरे तिनं वॉर्डात रोज पाहिले होते. असा चेहरा दिसला की तिचे पाय आपोआप तिकडे वळायचे.

"काका, वर बघा. इकडे, माझ्याकडे!"

त्यांनी डोळे उचलले.

"आधी मी जाते. माझी छत्री उघडलेली दिसली की तुम्ही या. येणार ना?"

काकांनी लहान मुलासारखी मान डोलावली.

तिनं चौकट सोडली.

आभाळ उलटंपालटं झालं, आणि खांद्यांना एक जबर हिसका बसला. मग शांतता. इतकी शांतता, की अडलेलं नाव आपसूक पुरं झालं. खाली पृथ्वी हळूहळू वर येत होती. ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळेना.

पाय जुळवून, गुडघे सैल ठेवून ती उतरली, कोलमडली आणि उठून आधी वर बघायला लागली. दुसरी छत्री उघडलेली दिसली, तेव्हा तिनं भर मैदानात एकटीनंच टाळ्या वाजवल्या. काकांची छत्री शेडच्या पलीकडे कुठेतरी उतरली.

आपली छत्री गुंडाळून झाल्यावर पाण्याची बाटली घेऊन ती धावत सुटली. म्हाताऱ्या माणसाचा पाय तर मुरगळला नसेल? शेडच्या दारात ती थांबली.

आत पुढची तुकडी पट्टे बांधत होती. बाकाच्या टोकाला एक दांडगा माणूस घामाघूम होऊन बसला होता, आणि काका नवा पोशाख चढवून त्याला बिलगून बसले होते.

"पहिलीच वेळ हो माझी," ते त्याला कापऱ्या आवाजात सांगत होते. "तुम्ही जरा सांभाळून घ्याल ना मला?"